धूळ, धूर आणि मिश्रणाचा हिशेब

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात खनिजाच्या रस्त्याला लागून घर असेल, तर तिथल्या बाईच्या फुप्फुसात एका दिवसात काय काय जाते? पहाटे चुलीवर आंघोळीचे पाणी तापते. लाकडाच्या त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण असतात. सकाळी टिपरांची रांग सुरू झाली की लाल धूळ उडते. तिच्यात लोहाचे ऑक्साइड, थोडे मँगनीज, थोडी सिलिका. त्याच टिपरांच्या नळकांड्यांतून डिझेलचा धूर. घरात कोणी विडी ओढणारे असेल तर तोही धूर, आणि संध्याकाळी अंगणात पालापाचोळ्यासोबत प्लास्टिक जळत असेल तर त्याचाही.

गोव्यातल्याच पेडणे तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींचा हा पसारा नाही. तरीही हवा एकाच पदार्थाची नाही. जांभ्याच्या चिरेखाणी, जांभ्याचीच लोहयुक्त लाल माती, चूल, काजूच्या बागेतली फवारणी, आणि गेल्या काही वर्षांत मोपाच्या पठारावरचे बांधकाम, विमानतळ व त्याच्याकडे जाणारी वाहने.

मग खोकला मुक्कामाला आला, दम लागू लागला, की प्रश्न येतो: हे कशामुळे? गावकरी म्हणतात, खाणीच्या धुळीमुळे. खाणवाले म्हणतात, चुलीमुळे आणि विडीमुळे. डॉक्टर म्हणतात, सगळेच असेल. तिघांच्याही बोलण्यात तथ्य असू शकते, पण त्यांतले किती कोणाचे हे बोलून ठरत नाही. ते ठरवायला गेल्या दीड-दोन दशकांत संख्याशास्त्रात एक स्वतंत्र दालनच उभे राहिले आहे: रासायनिक मिश्रणांच्या परिणामांचे रिग्रेशन.

कायदा मोजतो एकेक, शरीर घेते एकत्र

भारताची सध्याची हवेच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानके २००९ ची आहेत. त्यांत १२ प्रदूषक आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा आहे. १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीला, म्हणजे पीएम-१० ला, २४ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, २.५ मायक्रॉनपर्यंतच्या धुळीला ६०. शिसे, आर्सेनिक, निकेल, बेंझिन यांच्या मर्यादा वेगळ्या. पिण्याच्या पाण्यातही तसेच: लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅमच्या आत हवे.

समजा, एखाद्या गावात बाराही प्रदूषक आपापल्या मर्यादेच्या जरासे खाली आहेत. कागदोपत्री ते गाव निर्दोष. पण बारा मर्यादांच्या काठावरची हवा एकाच वेळी घेणाऱ्या माणसाचे काय होते, याचे उत्तर त्या तक्त्यात नाही.

ते महत्त्वाचे का, हे ॲस्बेस्टॉसने दाखवले. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांचा सेलिकॉफ आणि हॅमंड यांनी केलेला अभ्यास १९७९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला. ॲस्बेस्टॉसही नाही आणि सिगारेटही नाही अशा माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका १ धरला, तर फक्त ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्याचा सुमारे ५ पट, फक्त सिगारेट ओढणाऱ्याचा सुमारे ११ पट, आणि दोन्ही करणाऱ्याचा सुमारे ५३ पट निघाला. नुसती बेरीज असती तर तो १५ च्या आसपास यायला हवा होता. इथे बेरजेच्या जागी जवळपास गुणाकार झाला. ज्याने फक्त ॲस्बेस्टॉस मोजला किंवा फक्त सिगारेट मोजली, त्याला हा गुणाकार कधीच दिसला नसता.

रिग्रेशन नेमके काय करते?

रिग्रेशनला मराठी परिभाषेत समाश्रयण म्हणतात. त्यामागचे लघुतम वर्गांचे तंत्र फ्रेंच गणिती लजान्द्र यांनी १८०५ मध्ये छापले. आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीचा संबंध मांडताना फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये त्या कल्पनेला हे नाव रूढ केले. गाभा सोपा आहे. एका बाजूला परिणाम ठेवायचा, उदाहरणार्थ जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात फुप्फुसातून बाहेर पडणारी हवा. दुसऱ्या बाजूला त्याची संभाव्य कारणे: धूळ, धूर, मँगनीज, वय, उंची, विडी. मग प्रत्येक कारणासमोर असा आकडा शोधायचा की सगळे मिळून परिणामाचा अंदाज शक्य तितका जवळ यावा.

धुळीसमोरच्या आकड्याचा अर्थ असा: बाकी सारे तसेच ठेवून धूळ एका मापाने वाढली, तर फुंकर इतक्याने कमी होते. या वाक्यातले ‘बाकी सारे तसेच ठेवून’ हे चार शब्द सर्वांत महाग आहेत. प्रयोगशाळेत बाकी सारे तसेच ठेवता येते. गावात ते कोणी ठेवत नाही. संगणक ते कागदावर ठेवल्यासारखे करतो, आणि तसे करायला माहितीत आधार आहे की नाही हे आपल्याला आपणहून सांगत नाही.

एकेक पदार्थ घेऊन रिग्रेशन केले तर चूक कशी होते पाहा. खनिजाच्या रस्त्यालगतची घरे गरिबांची आणि तिथे चुलीही जास्त, असे असेल आणि चूल मोजलीच नाही, तर चुलीचा सारा दोष धुळीच्या खात्यावर चढतो. उलटही होऊ शकते. शिवाय एकमेकांशी संबंध नसलेले २० पदार्थ एकेक करून तपासले आणि त्यांतला एकही खरोखर घातक नसला, तरी दर वेळी पाच टक्के चुकीची मुभा धरली तर निदान एक तरी ‘दोषी’ सापडण्याची शक्यता ६४ टक्के असते.

मग सगळे एकदम एका समीकरणात घातले तर? इथे दुसरा अडथळा येतो. लोह, मँगनीज आणि पीएम-१० एकाच टिपरमधून उडतात; एकाच्या दिवशी दुसराही जास्त असतो. जोखडाला कायम एकत्र जुंपलेल्या दोन बैलांपैकी जास्त कोण ओढतो हे नांगरलेल्या शेताकडे पाहून सांगता येत नाही, तसेच हे. आकड्यांत सांगायचे तर दोन प्रदूषकांमधला सहसंबंध ०.९५ असेल, तर प्रत्येकाच्या गुणकातील अनिश्चितता ते स्वतंत्र असते तर जितकी असती त्याच्या ३ पटींहून अधिक होते. तेवढीच खात्री हवी असेल तर सुमारे १० पट माणसे तपासावी लागतील. शंभर घरांत जे काम झाले असते त्याला हजार घरे लागतात. नाहीतर असे विचित्र उत्तर येते की लोह घातक आहे आणि मँगनीज चक्क हितकारक. तो मँगनीजचा गुण नसतो; दोघांमधली वाटणी गणिताला जमलेली नसते.

ॲस्बेस्टॉससारखे गुणाकार शोधायचे म्हटले तर कामाचा पसारा आणखी वाढतो. १० पदार्थांच्या जोड्या ४५, तिघा-तिघांचे गट १२०. प्रत्येकासाठी एक आकडा शोधत बसले तर माणसे संपतील, आकडे संपणार नाहीत.

कोसंबी आणि नंतरचे

एकत्र हलणाऱ्या अनेक मापांतून थोडे स्वतंत्र प्रवाह वेगळे काढण्याच्या कल्पनेशी गोव्याचे नाते आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ मध्ये गोव्यातल्या कोसबेनचा. मराठी वाचकांना ते प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून माहीत आहेत, पण १९४३ मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, त्यांनी एका शोधनिबंधात यादृच्छिक फलनांचे असे विघटन मांडले जे पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. आता त्यात कोसंबींचेही नाव जोडले जाते. आजच्या मुख्य घटक विश्लेषणाचा हा जवळचा नातलग. जुन्या आहत नाण्यांच्या वजनावरून त्यांच्या चलनाचा काळ काढण्याचे त्यांचे कामही याच वृत्तीचे होते: एकेका नाण्यावर विसंबायचे नाही, सगळ्या ढिगाचे वजन बोलू द्यायचे.

मुख्य घटक विश्लेषण धुळीच्या नमुन्यातल्या २० मूलद्रव्यांचे तीन-चार गट करून देते: हा खनिजाचा, हा डिझेलचा, हा चुलीचा. पण गट करताना ते आजाराकडे पाहत नाही. हवेत काय एकत्र हलते ते त्याला कळते; शरीराला काय बाधते ते कळत नाही.

ही उणीव भरून काढणाऱ्या पद्धती अलीकडच्या. २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरणीय आरोग्य विज्ञान संस्थेने एक कार्यशाळा घेतली. संशोधकांना मुद्दाम बनवलेले दोन आणि खऱ्या माणसांचा एक असे विदासंच आधीच देऊन सांगितले: मिश्रणातला घातक कोण ते शोधा. बनवलेल्या संचांचे खरे उत्तर आयोजकांकडे होते. साऱ्या प्रश्नांना पुरून उरेल अशी एकही पद्धत निघाली नाही. त्या सुमाराला आणि त्यानंतर पुढे आलेल्या तीन पद्धती मात्र आज सर्वांत जास्त वापरल्या जातात.

पहिली भारित चतुर्थक बेरजेची. प्रत्येक प्रदूषकासाठी माणसांचे चार समान गट करायचे, सर्वांत कमी संपर्काच्या गटाला ०, सर्वांत जास्तीला ३. मग या गुणांची अशी भारित बेरीज करायची की भारांक शून्याहून कमी नसतील आणि सगळे मिळून १ होतील. बेरजेचा गुणक मिश्रणाचा एकूण परिणाम सांगतो, भारांक कोणाचा वाटा किती ते सांगतात. भारांक एका भागातल्या माणसांवर ठरवतात आणि परिणाम उरलेल्यांवर तपासतात, म्हणजे आपणच काढलेल्या उत्तराची आपणच पाठ थोपटणे टळते. हिची अट अशी की सगळे पदार्थ एकाच दिशेने काम करतात असे धरावे लागते. लोह आणि मँगनीज थोड्या प्रमाणात शरीराला हवेच असतात, तेव्हा ही अट डोळे मिटून मान्य करता येत नाही.

दुसरी पद्धत अलेक्झांडर काइल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडली. ती एका दिशेचा आग्रह सोडते. तिचा प्रश्न धोरणकर्त्याला कळेल असा आहे: सगळे प्रदूषक एकदम एकेका चतुर्थकाने खाली आणले, तर सरासरी आरोग्य कितीने सुधारेल? टिपर बंद झाले तर तसेच घडते; लोह, मँगनीज, डिझेलचा धूर सारेच एकदम उतरतात.

तिसरी बेझियन कर्नल पद्धत, जेनिफर बॉब आणि सहकाऱ्यांची, २०१५ ची. ती सरळ रेषेचा हट्टच धरत नाही. ज्या दोन माणसांचे मिश्रण एकमेकांसारखे त्यांचे आरोग्यही एकमेकांसारखे असेल, एवढेच गृहीत धरून ती परिणामाचा एक वळणदार पृष्ठभाग काढते. त्यात उंबरठे दिसतात, वळणे दिसतात, एक पदार्थ जास्त असताना दुसऱ्याचा परिणाम बदलतो का तेही दिसते. मूळ निबंधातले एक उदाहरण बांगलादेशातल्या मुलांचे होते: आर्सेनिक, मँगनीज आणि शिसे यांचा मुलांच्या बौद्धिक वाढीवर एकत्र परिणाम. किंमत वेळेची. हजार माणसे असतील तर हजार गुणिले हजारची सारणी पुन्हा पुन्हा सोडवावी लागते. माणसे दुप्पट झाली की काम सुमारे आठपट.

आरमध्ये बसल्यावर

हे सारे करायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली ‘आर’ ही भाषा मोफत आहे. तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. वरच्या तिन्ही पद्धतींची पॅकेजे, जीडब्ल्यूक्यूएस, क्यूजीकॉम्प आणि बीकेएमआर, तिच्यात फुकट मिळतात. साखळीच्या किंवा पेडण्याच्या कॉलेजातला विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर ती चालवू शकतो.

आज्ञा एक-दोन ओळींची असते. मेहनत तिच्या आधीची. प्रत्येक माणसाची एक ओळ, प्रत्येक मापाचा एक स्तंभ. प्रदूषकांची मापे बहुधा एका बाजूला कलंडलेली असतात, बहुतेकांची कमी आणि मोजक्यांची प्रचंड, म्हणून त्यांचा लॉगॅरिदम घेतात. यंत्राला दिसले नाही म्हणजे शून्य नव्हे. यंत्राच्या किमान मर्यादेखालच्या मापाला ती मर्यादा भागिले २ चे वर्गमूळ असा आकडा देण्याची जुनी रीत आहे, पण अशी मापे फार असतील तर ती रीत फसवते. मग वय, उंची, लिंग, विडी, घरचे इंधन, उत्पन्न, खाणीवरची नोकरी हे घटक मिश्रणापासून वेगळे ठेवून समीकरणात घालायचे. यांतला एक विसरला तर पुढची पद्धत कितीही प्रगत असो, ती चूकच अधिक सुबकपणे मांडते.

जाणते विश्लेषक आधी साधे रिग्रेशन करतात, प्रदूषकांच्या सहसंबंधांचा तक्ता रंगांत काढून पाहतात आणि मगच मिश्रणाच्या पद्धतीकडे वळतात. दोन-तीन पद्धतींनी एकच गोष्ट सांगितली तर विश्वास वाढतो. एकीने ‘मँगनीज’ म्हटले आणि दुसरीने ‘डिझेल’, तर बहुतेकदा अर्थ असा की या माहितीत दोघे वेगळे होतच नाहीत. तेव्हा आपल्याला पटणारे उत्तर उचलणे ही अप्रामाणिकता; दोघांचा मिळून परिणाम सांगून थांबणे हे शास्त्र.

गाठ कुठे सुटते?

सॉफ्टवेअर नवे वेगळेपण निर्माण करत नाही. जे पदार्थ लोकांच्या आयुष्यात कधीच सुटे झाले नाहीत, त्यांना कोणतेही समीकरण सुटे करणार नाही. तेव्हा खरा शोध असा घ्यावा लागतो: धूळ आणि धूर कधी, कुठे, कोणाच्या बाबतीत अलग होतात? आणि या बाबतीत डिचोली-पेडणे हा टापू विलक्षण आहे.

एक, पावसाळा. जून ते सप्टेंबर खनिजाची वाहतूक जवळजवळ थांबते आणि उरलीसुरली धूळ पाऊस खाली बसवतो. पण चूल थांबत नाही. उलट लाकूड ओले, खिडक्या बंद, म्हणून धूर वाढतो. दर वर्षी चार महिने धूळ खाली आणि धूर वर. एकाच माणसाला मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये तपासले, तर त्याचे वय, उंची, सवयी बहुतांशी त्याच राहतात आणि जोखड सुटते. फक्त पावसाळ्यातला दमट बुरसा आणि सर्दी-तापाचे साथीचे दिवस हिशेबात घ्यायला हवेत.

दोन, खाणबंदी. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आल्यावर राज्य सरकारने १० सप्टेंबर २०१२ रोजी खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, २०१५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांची नूतनीकरणे रद्द झाली आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा थंडावल्या. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या लिलावांत जे पहिले चार ब्लॉक गेले, त्यांतले तीन डिचोली तालुक्यातले. २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. चालू, बंद, चालू, बंद, चालू. लोकांवर असा प्रयोग कोणी मुद्दाम करू शकत नाही, करूही नये. इथे तो न्यायालयाच्या तारखांनी घडला.

पण या तारखांवर आंधळा भरवसा नको. खाण थांबली तेव्हा धूळ थांबली आणि टिपरवाल्याचा हप्ताही थकला. घरातले दूध-मासळी कमी झाले, दवाखाना पुढे ढकलला गेला, काहींचे पिणे वाढले असेल. २०१६ पासून देशभर उज्ज्वला योजनेतून गॅस पसरला, २०२० मध्ये कोविड आला. बंदीच्या काळात आरोग्य बदलले तर त्याचे श्रेय किंवा दोष एकट्या धुळीचा म्हणता येणार नाही.

म्हणूनच तिसरी गोष्ट, पेडणे. तोच जिल्हा, तोच पाऊस, जवळपास तेच अन्न, तीच जांभ्याची माती, पण टिपरांची रांग नाही. उज्ज्वला, कोविड, महागाई दोन्ही तालुक्यांना लागल्या. खाणबंदी प्रामुख्याने एकाला. दोन्हीकडच्या बदलांतला फरक काढला की सामाईक गोष्टी बऱ्याच अंशी वजा होतात. इथेही एक तारीख ध्यानात ठेवावी लागते. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू झाला. त्याआधीच्या बांधकामाची धूळ आणि नंतरची वाहतूक यांनी पेडण्याच्या हवेतही स्वतःची भर घातली. २०२३ नंतरचे पेडणे ‘स्वच्छ’ म्हणून तुलनेला घेतले, तर डिचोलीचा दोष कमी दिसेल. मोपाजवळची गावे आणि केरी-तेरेखोलकडची गावे वेगळी धरावी लागतील.

वेगळे काढून मिळवायचे काय?

कोणी म्हणेल, सगळेच वाईट आहे तर वाटणीचा एवढा खटाटोप कशाला? कारण प्रत्येक वाट्यावरचा उपाय वेगळा आहे आणि त्याचे बिल वेगळ्या माणसाला जाते. धुळीचा वाटा मोठा निघाला तर टिपरवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी, खनिजासाठी वस्तीबाहेरचा रस्ता; खर्च खाण कंपनीचा. डिझेलचा निघाला तर जुने टिपर बदलणे. चुलीचा निघाला तर सिलिंडरची किंमत, म्हणजे सरकारचे काम. विहिरीच्या पाण्यातल्या मँगनीजचा निघाला तर नळाची जोडणी. ‘सगळेच कारणीभूत’ हे उत्तर आले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि कोणाचेच बिल फाटत नाही.

यासाठी पैसा कुठून, हा प्रश्नही अनुत्तरित नाही. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने खाणग्रस्त भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली, आणि पिण्याचे पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य हे त्यांच्या खर्चाचे अग्रक्रमाचे विषय आहेत. निवडक गावांतल्या काही शे माणसांची मे आणि ऑगस्टमध्ये फुंकर मोजणे, घरात-दारात हवेचे नमुने घेणे, विहिरींचे पाणी तपासणे, आणि हे काही वर्षे त्याच माणसांवर करत राहणे, याला अचाट तंत्रज्ञान लागत नाही. विश्लेषण कसे करणार ते मापे हाती येण्याआधी लिहून ठेवले, नावे काढून टाकलेली मापे सर्वांसाठी खुली केली, तर गावकरी, कंपनी आणि सरकार तिघांनाही तेच सॉफ्टवेअर चालवून उत्तर पडताळता येईल.

घाई एवढ्यासाठी की नव्या ब्लॉकांतले काम अजून वाढायचे आहे. आधीची पातळी मोजायची संधी ते पूर्ण जोरात येईपर्यंतच आहे. ती गेली, तर पुढे कितीही हुशार पद्धत निघाली तरी तिला तुलनेसाठी ‘आधी’ मिळणार नाही, आणि वाद पुन्हा धूळ की चूल एवढ्यावरच राहील.